पोटातले कावळे

आमचं पोळीभाजी केंद्र डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत साडेचारशेच्या आसपास पोळ्या जातात. एकवीस वर्षं झाली, त्यामुळे कणकेला हात लावला की पाणी कमी पडलंय का जास्त ते मला बघावं लागत नाही. भाजी मात्र चाखूनच उतरवायची, हा माझा नियम. बटाट्याची एक चमचा, उसळ एक चमचा, आमटी वाटीच्या तळाशी घेऊन फुर्रकन. शिवाय फाटलेली पोळी गिऱ्हाइकाला कशी द्यायची, म्हणून तीही माझ्याच तोंडात. अशी चाखता चाखता मी 118 किलोंची झाले. उंची पाच फूट एक इंच. साखर होती, रात्रीचं घोरणं इतकं की हे बाहेरच्या खोलीत झोपत, आणि गुडघ्यांनी तर उठताबसता नावं ठेवायला सुरुवात केलेली.

2024 च्या श्रावणात माझं पोट कापलं. हे मी मुद्दाम असं म्हणते, कारण ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ म्हटलं की लोकांना वाटतं, पोटाला कसलातरी पट्टा बांधला असेल. तसं काही नाही. दुर्बिणीतून जठराचा बाहेरच्या बाजूचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जठर, कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी एक अरुंद नळी ठेवतात. कापलेल्या कडेला स्टेपलरच्या बारीक पिना. आधीच्या पोटात दीड लिटर आरामात मावत असेल, तर आता शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे आमच्या केंद्रातली आमटीची छोटी वाटी.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे खाणं पातळच होतं. यकृतावर चरबी चढून ते फुगलेलं असतं आणि जठराच्या वर पसरून बसतं. कमी खाल्लं की ते आक्रसतं आणि डॉक्टरांना हात घालायला जागा होते. त्या दोन आठवड्यांत मला भूक लागली. खरीखुरी, पोटात कावळे ओरडण्याची. पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ऑपरेशननंतर कसं व्हायचं तुझं? आत्ताच ही तऱ्हा!”

ऑपरेशननंतर कावळे उडूनच गेले.

हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने औषधाचा प्लास्टिकचा पेला हातात दिला, तीस मिलिलिटरचा. त्यात साधं पाणी. ते पंधरा मिनिटांत संपवायचं, घोट घोट नाही, ओठ ओले केल्यासारखं. मी जन्मभर तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायलेली बाई. पहिलाच घोट जरा मोठा झाला आणि छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तसं झालं. पेला संपायला वीस मिनिटं लागली, आणि संपल्यावर मला जेवल्यासारखं वाटलं! तीस मिलिलिटर पाण्याने! डाव्या खांद्यात वेगळीच कळ येत होती. ती पोटात भरलेल्या वायूची, असं सांगितलं. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोट वायूने फुगवतात, तो श्वासपटलाला टोचतो आणि दुखतं खांद्यात. चालत राहिलं की जिरतो. मी सलाइनचा खांब ढकलत व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या.

घरी सोडताना एक छापील कागद मिळाला. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन वाटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. इथवर ठीक. पण त्यात काय काय प्यायचं याची जी यादी होती ती कुठल्यातरी परदेशी कागदावरून उतरवलेली. ब्रॉथ, जेलो, अ‍ॅपल सॉस, शुगर-फ्री पॉप्सिकल. मुलगी वाचून दाखवत होती आणि मी हसत होते, तर पोटाला ओढ बसून हसताही येईना. हजारो मराठी बायका आजाऱ्याला काय देतात हे त्या कागदावाल्यांना कुणी सांगितलंच नसावं. मी माझी यादी केली: मुगाचं कढण गाळून, कुळथाचं कळण, टोमॅटोचं सार बिनफोडणीचं, लोणी काढलेलं ताक, वरणावरचं नितळ पाणी. पेजही लिहिली होती. ती आहारतज्ज्ञ मुलीने खोडली. म्हणाली, “काकू, पेजेत नुसता स्टार्च. तुमच्या पोटात जागा एवढीशी, ती पेजेला देऊन टाकली तर प्रथिनं कुठे ठेवणार?”

प्रथिनांचा हिशेब हा त्या दिवसांतला खरा व्याप. दिवसाला साठ ग्रॅम तरी हवीत, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही खातं. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम. पेलाभर दुधात सहा-सात. म्हणजे शाकाहारी माणसाने नुसत्या घरच्या पातळ पदार्थांवर साठ गाठायचे तर दिवसभर पीतच बसावं लागेल, आणि वर दीड लिटर पाणी निराळंच. म्हणून डब्यातली पावडर. व्हॅनिलाच्या वासाची. पहिल्या दिवशी बरी लागली, चौथ्या दिवशी तिचं झाकण उघडलं तरी मळमळायचं. ऑपरेशननंतर चवी बदलतात हे मला आधी कुणी बोललं नव्हतं. गोड एकदम अंगावर आल्यासारखं गोड. ज्या हिंगमोहरीच्या फोडणीवर माझं घर चाललं, तिचा वास आला की मी खिडकीत जाऊन उभी राहायची. शेवटी पावडर ताकात घातली, चिमूटभर जिरेपूड टाकली, तेव्हा घशाखाली उतरली. बिनवासाचीही पावडर मिळते हे महिन्याने कळलं.

सहाव्या दिवशी नारळीपौर्णिमा. भाऊ आला, मी ओवाळलं, जावेने केलेला नारळीभात त्याला वाढला. केशर, लवंग, वरून तूप. मी समोर बसून पेल्यातून कढण पीत होते आणि पोटात काहीएक हालचाल नव्हती. हेवा नाही, लाळ नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातला नारळीभात बघावा तसं. भाऊ बिचारा अपराधी चेहऱ्याने जेवला. मला मात्र त्याच्या जेवणापेक्षा माझंच नवल वाटत होतं, आणि थोडी भीतीही. अठ्ठेचाळीस वर्षं जी सोबतीला होती ती गेली कुठे?

याचं उत्तर मुलीने काढलं. ती सूक्ष्मजीवशास्त्राला आहे, तिला अशा गोष्टींचा नाद. 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारं एक संप्रेरक शोधलं, घ्रेलिन. जेवणाआधी ते रक्तात वाढतं, मेंदूला जाऊन ‘आता खायला हवं’ म्हणून सांगतं, जेवलं की ओसरतं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात बनतं, आणि माझा नेमका तोच भाग कापून बादलीत गेलेला. म्हणजे कावळे झाडासकट गेले! शिवाय उरलेल्या नळीतून अन्न आतड्यात लवकर पोचतं, आणि तिथून ‘पुरे’ म्हणणारी दुसरी संप्रेरकं जास्त सुटतात. त्यातल्याच एकाची नक्कल करून आता वजनाची इंजेक्शनं निघाली आहेत. (गिऱ्हाइकं हल्ली विचारतात, “काकू, इंजेक्शन का नाही घेतलंत?” माझी वेळ आली तेव्हा ती चर्चा आमच्या गल्लीत पोचली नव्हती, इतकंच.) माझं इन्सुलिन ऑपरेशननंतर आठवड्यात बंद झालं, वजन धड चार किलोही उतरलं नव्हतं तेव्हा. हेसुद्धा या संप्रेरकांचंच आणि कमी खाण्याचं काम.

मुलीने आणखी एक गंमत सांगितली. शंभर वर्षांपूर्वी, 1912 मध्ये, अमेरिकेत कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने रबरी फुगा गिळला. फुग्याची नळी बाहेर, तिला मोजायचं यंत्र. पोट आवळलं की यंत्रावर रेघ उठे, आणि त्याच वेळी त्याला भूक लागल्याचं जाणवे. म्हणजे पोटाचं आवळणं म्हणजेच भूक, असं ठरलं. पण पुढे पोट संपूर्ण काढलेल्या माणसांनाही भूक लागते असं दिसून आलं, आणि तो हिशेब चुकला. “आई, म्हणजे पोट नसलं तरी भूक राहते,” ती म्हणाली. मी म्हटलं, “माझी तर पाऊण पोटाबरोबर गेली.” पण तिचं बोलणं पुढच्याच आठवड्यात खरं झालं.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून मी केंद्रावर येऊन बसू लागले. उचलायचं काही नाही, नुसतं गल्ल्यावर. दुपारी चार वाजले की जावेने चहा टाकायचा आणि बरणीतून खारी काढायची हा आमचा रिवाज. चार वाजले. पोटात शांतता. आणि तरी माझा हात बरणीकडे गेला. भूक नव्हती हो, शपथेवर सांगते. पोटात बोलवणारं कुणी नव्हतं. पण जिभेला, दातांना, हाताला ती खारी हवी होती. तिचे पापुद्रे चहात भिजून वाकतात ते बघायचं होतं. मला एकदम रडू कोसळलं. जाऊ घाबरली, तिला वाटलं टाके दुखतात.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या आयुष्यात भूक फारच थोडी होती. भूक लागायच्या आत मी खात आले. गिऱ्हाईक भांडून गेलं की एक शेव-पापडी, हिशेब लागला नाही की शेंगदाण्याचा लाडू, हे उशिरा आले की उरलेली भाजी पातेल्यातूनच. आपल्याकडे याला शब्दांची काय कमी? वखवख आहे, खाखा आहे, जिभेचे चोचले आहेत, डोळ्यांची भूक आहे. आहारतज्ज्ञ मुलगी त्याला ‘डोक्यातली भूक’ म्हणाली. डॉक्टरांनी कापलं ते पोट. डोकं जागच्या जागी.

तिने एक परीक्षा शिकवली. खावंसं वाटलं की आधी पेलाभर पाणी घोट घोट घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि विचारायचं, मुगाचं कढण चालेल का? कढण चालत असेल तर कदाचित भूक. खारीच हवी असेल तर ती भूक नव्हे. दुसरीही एक फसवणूक असते, आम्लाची. पोट लहान झालं तरी आम्ल बनतच असतं, ते कुरतडतं आणि अगदी भुकेसारखं वाटतं. त्यासाठी सकाळी अनशापोटी गोळी. मी पहिल्या महिन्यात ज्याला दोनदा भूक समजले, ते गोळी विसरल्याचे दिवस होते.

आता माझा गुन्हा सांगते. सतराव्या दिवशी संध्याकाळी केंद्रावरच्या मावशी लाटत होत्या, जाऊ भाजत होती, आणि तव्यावर एक पोळी अशी टम्म फुगली, की माझ्याने राहवलं नाही. वाफ सोडत खाली बसलेल्या त्या पोळीचा मी वरचा पापुद्रा काढला, दोन बोटांएवढा. तूप लावलं. चावला चावला असं वाटलं, आणि गिळला. मिनिटभराने छातीत दगड अडकला. ना वर, ना खाली. तोंडात फेसासारखी चिकट लाळ यायला लागली, थुंकावी तेवढी परत. मोरीत वाकून चाळीस मिनिटं उभी होते. शेवटी तो पापुद्रा कणकेची गोळी होऊन बाहेर आला. साडेचारशे पोळ्या करणाऱ्या बाईचा जीव एका पापुद्र्याने कासावीस केला!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले, आणि रागावले ते बरोबरच होतं. ती नळी तेव्हा आतून सुजलेली असते. पोळी, पाव, भात, कोरडं पनीर हे पदार्थ चावून पुन्हा गोळा होतात आणि तिथे बूच बसतं. उलटीचा जोर पिनांच्या ओळीवर येतो. त्या ओळीतून गळती लागली तर जिवावर बेततं. ताप, छातीत न थांबणारी धडधड, पोटात वाढत जाणारी कळ असं काहीही झालं तर रात्रीअपरात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही, हे त्यांनी मला आणि यांना समोर बसवून सांगितलं. सारख्या उलट्या होत राहिल्या तर ब-1 जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होतो, तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं. उलटी म्हणजे पित्त, होईल बरं, असं म्हणून घरी बसायचे हे दिवस नव्हेत.

मग मी शहाण्यासारखी वागले. वाटलेलं वरण, मऊ पनीर दह्यात कुस्करून, भोपळ्याचं भरीत दाणे न घालता. चहाचा चमचा, तोही अर्धा. वीस-पंचवीस वेळा चावायचं (वाटलेल्या वरणात चावायचं काय, पण सवयीसाठी), चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, कारण पाण्याने अन्न ढकललं जातं आणि पोट लवकर रिकामं होतं. पोट भरल्याची जुनी खूण, ते जड सुस्तावणं, येतच नसे. तिच्या जागी एक नवी आली: उचकी. तीन चमचे झाले, चौथ्याला उचकी. सासूबाई म्हणायच्या, “कोण आठवण काढतंय गं?” मी म्हणायची, “पोट.” ती उचकी ऐकून थांबलं तर ठीक. अजून एक चमचा रेटला, तर मोरी.

सगळ्यात अवघड गेलं ते ताटात टाकणं. आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही. सासरे तर शितही बोटाने टिपून घेत. आणि इथे वाटीत दोन चमचे उरलेत आणि मला ते जात नाहीत. आठवडाभर मी ते फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी खाल्लं. मग हे माझी वाटी संपवू लागले. त्यांचं वजन त्या महिन्यात दोन किलोंनी वाढलं, हे इथे नोंदवून ठेवते.

गणपती पंचविसाव्या दिवशी. घरचे एकवीस आणि केंद्राच्या ऑर्डरचे दोनशे मोदक. नैवेद्याचं चाखायचं नसतं, त्यामुळे सारण डोळ्यांनी आणि वासाने ओळखायची मला सवय होतीच: गूळ विरघळून कडेला चकाकी आली, वेलदोड्याचा वास वर आला, की उतरवायचं. त्या दिवशी लक्षात आलं, की वर्षातून काही दिवस मी एकही चमचा न चाखता स्वयंपाक करत होते आणि कधी बिघडला नव्हता. मग एरवीचे ते चमचे कशासाठी होते? तेव्हापासून मीठ बघायचं काम मावशींकडे दिलं. भाजीबद्दल तक्रार आलेली नाही. थोडंसं लागलं मला ते.

आग्रहाचं मात्र काही विचारू नका. गौरी जेवायच्या दिवशी नणंद पुरणपोळीचं ताट घेऊन माझ्या मागे. “एक घास, माझ्यासाठी. एका घासाने काय होतंय?” एका पापुद्र्याने काय झालं ते मी तिला सगळं सांगितलं, लाळेसकट. ताट परत गेलं. कुणी म्हणे, चेहरा उतरलाय, कुणी म्हणे, आता थांब. वजन काट्यावर महिन्यात अकरा किलो गेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते सात दिवस तसूभर हललं नाही आणि मी काट्याची बॅटरी बदलून पाहिली. तसं होतंच म्हणे बहुतेकांना. पहिल्या दिवसांत शरीरातलं साठवणीचं पाणी भराभर जातं, मग शरीर सावरतं. गोळ्यांचा डबा मात्र भरत गेला: ब-12, कारण ते शोषायला मदत करणारा रस जठरातच बनतो, लोह, कॅल्शियम, तेही लोहाच्या दोन तास मागेपुढे, एकत्र घेतली तर एकमेकांना अडवतात, पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने एक. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतील हे आहारतज्ज्ञ मुलीने आधीच बजावलं होतं आणि ते गळलेच, पण ती पुढची गोष्ट.

पन्नासाव्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. सासऱ्यांचं पान दरवर्षी मीच करते. वडे, तांदळाची खीर, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, आणि त्यांना आवडायची म्हणून पातळ पोळी, तीसुद्धा मीच लाटलेली. पान गच्चीत कठड्यावर ठेवलं. डोंबिवलीत आता कावळे तरी कुठे पहिल्यासारखे? आम्ही सगळे थांबलो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. सासूबाई हात जोडून पुटपुटत होत्या. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आणि तिथे उन्हात उभी असताना माझ्या बरगड्यांच्या मधोमध काहीतरी हललं. अगदी बारीक. मी आधी आठवून पाहिलं, आम्लाची गोळी सकाळी घेतली होती. खाली येऊन पेलाभर पाणी घोट घोट प्यायले. पुन्हा गच्चीत जाऊन पंधरा मिनिटं उभी राहिले. कढण चालेल का, म्हणून स्वतःला विचारलं. चालेल असं वाटलं. वरणसुद्धा चालेल. काहीही चालेल.

कावळा पाण्याच्या टाकीमागून आला, वडा उचलला, गेला.

मी पोळीचा चतकोर घेतला, आमटीत कुस्करला, लगदा होईपर्यंत थांबले. तोवर मऊ अन्नाची परवानगी मिळाली होती. पहिला अर्धा चमचा तोंडात इतका वेळ धरला की मुलगी म्हणाली, “आई, गीळ आता.” पाचव्या चमच्याला उचकी लागली. वाटीत थोडं उरलं होतं, ते यांनी घेतलं.